अनाथ तुकडे

मंडळाचं उत्तर आलं तेव्हा सेवंती वळवी शीतपेटीतून रक्ताचे नमुने काढत होती. हातात जाड मोजे होते, म्हणून तिने सहकारी अझीमला वाचून दाखवायला सांगितलं. अझीम मुजावरने पडद्यावरचा मजकूर आधी स्वतःशी वाचला आणि तो चष्मा काढून पुसत बसला. एवढ्यावरूनच तिला काय ते कळलं.

“मोठ्यानं वाच,” ती म्हणाली.

“‘सातपुड्यातील आदिवासी समाजांचा सामायिक जनुककोश, या प्रस्तावाचा मंडळाने सविस्तर विचार केला. देशातील एक लाख व्यक्तींच्या जनुकसंचांचे वाचन पूर्वीच झालेले असल्याने प्रस्तावित कोश ही द्विरुक्ती ठरेल. तसेच उपलब्ध उपचारांमुळे सदर समाजांस अपाय झाल्याचा कोणताही पुरावा प्रस्तावात आढळत नाही. सबब...’”

“राहू दे.”

तिने नमुन्यांचा ट्रे परत शीतपेटीत ठेवला, झाकण लावलं आणि मोजे काढून टेबलावर टाकले. राज्य जनुकनिधी मंडळाकडे केलेला हा तिसरा अर्ज होता. पहिल्या वेळी ‘व्याप्ती फार मोठी’ म्हणून तो परत आला होता, दुसऱ्या वेळी ‘व्याप्ती फार लहान’ म्हणून.

“त्या एक लाखात आमच्याकडची माणसं किती, हे लिहिलंय का त्यांनी कुठे?”

“अकरा,” अझीम म्हणाला. “मी शोधून काढली. त्यांतली चार एकाच घरातली आहेत.”

सेवंतीने पडदा बंद केला. रागावली की ती गप्प होई, आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्यांना त्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती असे. ती अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, मोलगीजवळच्या पाड्यावर वाढलेली. नाशिकच्या जीवसूत्र संस्थेत जनुकतज्ज्ञ म्हणून तिचं नाव झालं होतं. पण ती या शास्त्राकडे वळली ती भावामुळे. सिकलसेलने तो विसाव्या वर्षी गेला. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस सांधे धरून रात्रंदिवस कण्हतो, हे तिने पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी घरात पाहिलं होतं.

म्हणून पाच वर्षांपूर्वी सरकारने ‘नवरक्त’ योजना आणली तेव्हा इतरांसारखा तिलाही आनंद झाला होता. रुग्णाच्या हाडांतल्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, जनुककात्रीने त्यांच्या डीएनएत एक नेमका काप द्यायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. नवं रक्त निरोगी तयार होई. पहिली तुकडी सातपुड्यातल्या मुलामुलींची होती आणि त्यांत सेवंतीच्या बहिणीची, ताराची, मुलगी जमना होती. जमनाचं दुखणं थांबलं. ती धावायला लागली, शहाद्याला नर्सिंग शिकायला गेली. तरीही सेवंती मंडळाकडे अर्ज करत राहिली. कात्री ज्या नकाशावर बेतली होती त्या नकाशात आपली माणसं नाहीत, ही गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती.

त्याच आठवड्यात जमनाचा फोन आला.

“मावशी, दंडावर निळे डाग येतात. आपटलं नाही, काही नाही. कॉलेजात मी माझंच रक्त काचेवर घेऊन पाहिलं. पांढऱ्या पेशी वाढल्यात.”

“ताप?”

“नाही. जखमही नाही. उपचार केंद्रात जाऊन आले. ते म्हणतात, तुझा अहवाल उत्तम आहे. भरकटलेले काप शून्य.”

“तू नाशिकला ये,” सेवंती म्हणाली. “आजच निघ.”

जमना आली. अझीमने तिचं रक्त घेतलं आणि ती परिचारिका होणार आहे म्हटल्यावर तिच्याशी बरोबरीने बोलू लागला.

“कात्रीला एक पत्ता दिलेला असतो. वीस अक्षरांचा. डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांत तो पत्ता जिथे सापडेल तिथे ती कापते. म्हणून कात्री घडवण्याआधी प्रमाण नकाशात शोधायचं, की हाच पत्ता आणखी कुठे आहे का. नसला, तर कात्री निर्धोक.”

“हा प्रमाण नकाशा कुणाचा?”

“पूर्वी परदेशातल्या थोड्या लोकांच्या रक्तावरून केलेला. पुढे भर पडत गेली, पण सांगाडा तोच.”

“आणि माझ्यात त्या नकाशात नसलेली एखादी गल्ली असली तर?”

“तर त्या गल्लीतलं घर कात्री बनवणाऱ्याला दिसत नाही. कात्रीला मात्र सापडतं. ती नकाशा वाचत नाही, ती थेट गावातून फिरते.”

जमनाने दंडावरचा कापूस दाबून धरला होता. ती विचार करत म्हणाली, “पण उपचारानंतर तपासतात ना? तिथे शून्य कसं आलं?”

अझीमने सेवंतीकडे पाहिलं. हे तिने सांगावं, असं त्याला वाटलं असावं.

“वाचनयंत्र डीएनए सलग वाचत नाही,” सेवंती म्हणाली. “बारीक बारीक तुकडे वाचतं. मग एकेक तुकडा प्रमाण नकाशावर कुठे बसतो, ते संगणक बघतो. जो कुठेच बसत नाही त्याला आम्ही अनाथ तुकडा म्हणतो. असे तुकडे प्रत्येक वाचनात निघतात. कधी जंतूंचा डीएनए असतो, कधी यंत्राची चूक. म्हणून ते पुसून टाकायची पद्धत आहे.”

“म्हणजे नकाशाबाहेर काप झाला, तर त्याचा पुरावा आधी केरात जातो आणि मग अहवालात शून्य लिहितात.”

“हो.”

“हे सगळ्यांना ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे,” अझीम म्हणाला. “विचारत कुणी नाही.”

संस्थेत एक दीर्घवाचन यंत्र होतं, लांबच्या लांब पट्टे न तोडता वाचणारं. ते महाग आणि संथ, म्हणून एरवी झाकूनच असे. अझीमने जमनाचं रक्त त्यावर लावलं आणि एकही अनाथ तुकडा पुसू दिला नाही. त्या तुकड्यांची टोकं जुळवत जुळवत त्याने एक लांब पट्टा उभा केला. हजारो अक्षरांचा हा पट्टा प्रमाण नकाशात कुठेच नव्हता. जमनाच्या शरीरात मात्र तो एका महत्त्वाच्या जनुकाच्या ऐन मध्यावर बसलेला होता. रक्तपेशींच्या वाढीला आवर घालणारं ते जनुक. संस्थेत त्याला सगळे ‘लगाम’ म्हणत. आणि त्या पट्ट्यात, वीसपैकी वीस अक्षरं जुळणारा, कात्रीचा पत्ता होता.

लगाम कापला गेला होता. जमनाचं निम्मं रक्त आता अशा एकाच कापलेल्या मूळपेशीची संतती होतं आणि ते वाढत चाललं होतं. अजून तो कर्करोग नव्हता. पण वाट तिकडेच जात होती.

सेवंतीने अहवाल दोनदा वाचला. मग तिने चौथा अर्ज लिहायला घेतला आणि या वेळी समक्ष सुनावणी मागितली.

मंडळाचं कार्यालय पुण्यात होतं. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्ष डॉ. उपेंद्र खासनीस बसले होते. सत्तरीचे, मृदू आवाजाचे, नवरक्त योजनेचे जनक म्हणून देशभर मान असलेले. त्यांच्या उजव्या हाताला सचिव लोखंडे. बाकीचे सदस्य आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसले होते. सेवंतीने सगळं मांडलं. खासनिसांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“काम सुरेख आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण डॉ. वळवी, एका रुग्णावरून राज्याचं धोरण ठरत नाही.”

“सर, तुम्ही पुरावा मागितलात. पुरावा गोळा करायला निधी लागतो, आणि निधी द्यायला तुम्हाला पुरावा लागतो. एक माणूस मी घरातला आणला. आणखी किती घरचे आणू?”

टेबलावर थोडी चुळबुळ झाली. खासनिसांनी पाण्याचा घोट घेतला.

लोखंड्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा कामाच्या माणसाचा होता, त्यात दुष्टपणा असा काही नव्हता. “हा पट्टा तुमच्या समाजातच आहे ना? मग यातून मार्ग आहे. कोश करा. ज्यांच्यात पट्टा निघेल त्यांना या उपचारासाठी अपात्र ठरवू. अपायही टळेल आणि बाकीची योजनाही अडणार नाही.”

“आणि कात्री?”

“कात्री बदलायची म्हणजे नव्याने रचना, चाचण्या, मान्यता. कात्री बनवणाऱ्या कंपनीशी बोललो मी. आठ-नऊ वर्षं म्हणतात.”

सेवंतीने हातातला अहवाल मिटला. “मला नीट समजलं का, ते सांगा. आमच्या पोरांवर ही कात्री पहिल्यांदा चालवलीत. ती आमच्या अंगात चुकीचं कापते हे आम्ही दाखवलं. आता आमच्या रक्ताचा नकाशा तुम्हाला हवाय, तो आम्हाला दाराबाहेर ठेवायला.”

“शब्द जरा कडक होताहेत,” खासनीस म्हणाले.

“शब्दच होताहेत, सर.”

निधी मंजूर झाला. दोन अटींवर. पहिली, कोशाचा उपयोग ‘पात्रता निश्चितीसाठी’ करायचा. दुसरी, सातपुड्यातल्या जेवढ्या लोकांचं रक्त वाचाल तेवढ्याच शहरी लोकांचं वाचायचं, म्हणजे वेगळेपण शास्त्रशुद्ध सिद्ध होईल. खासनीस म्हणाले, तुलनागटाविना मी कुठल्याच प्रस्तावावर सही केलेली नाही.

सेवंती बाहेर आली ती जिन्यातच थांबली. “निम्मा निधी कशावर, तर पुण्यातली माणसं नेहमीसारखी आहेत हे सिद्ध करण्यावर,” ती सोबत आलेल्या अझीमला म्हणाली. “मी हे घेणार नाही.”

“घे,” अझीम म्हणाला. “नाकारलंस तर त्यांना बरंच वाटेल. पुढच्या बैठकीत विषयच राहणार नाही.”

तिने निधी घेतला, पण स्वतःची एक अट करारात घालून. कोशासाठी आलेल्या कुठल्याही नमुन्यातला, मग तो सातपुड्यातला असो की शहरातला, एकही अनाथ तुकडा पुसला जाणार नाही. आणि ज्याने रक्त दिलं त्याला स्वतःचं वाचन बघायचा हक्क राहील. या अटीवर कुणी चर्चासुद्धा केली नाही. खासनिसांनी तर कौतुकाने मान डोलावली आणि कर्मचाऱ्यांना उत्साह यावा म्हणून तुलनागटासाठी पहिलं रक्त स्वतःचं दिलं.

मोलगीला ग्रामसभा भरली तेव्हा सेवंतीला वाटलं होतं, आपल्याच माणसांपुढे बोलायला काय अवघड. उतीबाई नावाच्या म्हातारीने तिला दोन वाक्यांत थांबवलं.

“मागे रक्त नेलं होतं, ते कुठे आहे?”

“ते मी नेलं नव्हतं, काकी.”

“नेणारे सगळे असंच सांगतात. पोरं बरी झाली म्हणाले, आम्ही टाळ्या वाजवल्या. आता तू सांगतेस, कापायचं चुकलं. आणि परत रक्त दे म्हणतेस.”

सेवंती मान खाली घालून ऐकत राहिली. तिला मंडळापुढे सुचलेलं एकही वाक्य इथे उपयोगाचं नव्हतं. उलट, मंडळावर ती ज्या कारणासाठी चिडली होती त्याच कारणासाठी हे लोक तिच्यावर चिडले होते. बराच वेळ बोलून झाल्यावर सभेने रक्त द्यायचं ठरवलं, एका बोलीवर: जे काही निघेल ते आधी इथे येऊन सांगायचं, मग पुण्याला.

पावसाळा संपून थंडी सुरू होईपर्यंत दीर्घवाचन यंत्र अखंड चाललं. दोन्हीकडचे नमुने मिसळून, नावं झाकून लावले होते. कुणाचं कुठलं, हे शेवटचं वाचन झाल्यावरच उघडायचं होतं. ते अझीमने उघडलं. सेवंती दुपारचा डबा खाऊन आली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहत होता.

“सातपुड्यात तिघांमागे एकाकडे हा पट्टा आहे,” तो म्हणाला.

“तेवढं मला वाटलंच होतं. पुण्यात?”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. ती वाकून पाहू लागली आणि मग खुर्ची ओढून बसली.

“तिघांमागे एक,” अझीम म्हणाला. “किंचित जास्तच.”

“नमुने बदललेत.”

“मलाही तेच वाटलं. पुन्हा तपासले. नाही बदललेले.”

“मग त्या एक लाख लोकांत हे कुणाला कसं दिसलं नाही?”

प्रश्न तोंडातून निघत असतानाच तिला उत्तर कळलं होतं. एक लाख माणसं वाचली, पण बारीक तुकड्यांत. सगळ्यांचे तुकडे त्याच एका नकाशावर बसवले. जे बसले नाहीत ते पुसले. ब्राह्मण, मराठा, माळी, मुसलमान, सिंधी, सगळ्यांच्या वाचनांतून तो पट्टा दरवेळी निघत होता आणि दरवेळी केरात जात होता. एक लाख वेळा एकच चूक केली म्हणून ती चूक राहिली नाही, तिचं प्रमाण झालं.

तिला स्वतःचाही राग आला. प्रस्तावाचं नाव तिनेच दिलं होतं, ‘आदिवासी समाजांचा जनुककोश’. नकाशात आपण नाही, एवढं तिने ओळखलं. पण बाकीचे सगळे तिथे आहेत, हे तिने न तपासता मान्य केलं होतं. लोखंड्यांनी ‘तुमच्या समाजातच’ म्हटलं तेव्हा ते वाक्य तिला चीड आणणारं वाटलं, खोटं वाटलं नव्हतं.

“अझीम, ही कात्री आता आणखी कुठे वापरतात?”

“सगळीकडे. थॅलेसेमियालाही तीच चालते. मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत गेली दोन-तीन वर्षं जोरात आहे.”

“आणि तिथे अजून कुणी आजारी नाही, कारण लगाम तुटल्यावर पेशी वाढायला चार-पाच वर्षं लागतात. आमची पोरं पहिली होती म्हणून आजारीही पहिली पडली.”

बोलीप्रमाणे ती आधी मोलगीला गेली. उतीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे त्यांनी स्वतःलासुद्धा मोजलं नव्हतं?”

“नव्हतं, काकी.”

“मग आम्हाला अपात्र कुठल्या तोंडाने म्हणत होते?”

सेवंतीने हा प्रश्न जसाच्या तसा वहीत लिहून घेतला.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत कुणाचं डोकं पडद्यात नव्हतं. अपात्रतेचा नियम लावायचा तर राज्यातली एक तृतीयांश माणसं अपात्र ठरत होती आणि ती कोणत्या आडनावांची असतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लोखंड्यांनी तो नियम इतक्या हळू आवाजात मागे घेतला की इतिवृत्त लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं. कंपनीचा निरोप त्यांच्याकडे आलेलाच होता: नव्या नकाशावर बेतलेली नवी कात्री, सगळ्या चाचण्यांसह, सात-आठ महिन्यांत देता येईल.

“गेल्या खेपेला आठ-नऊ वर्षं होती,” सेवंती म्हणाली.

लोखंडे कागद नीट करू लागले.

“मी चुकीचं ऐकलं होतं का? तेव्हा वर्षं होती ना?”

“परिस्थिती बदलली आहे, मॅडम.”

“परिस्थिती तीच आहे. माणसं बदलली.”

बैठक उठल्यावर खासनिसांनी तिला थांबायला सांगितलं. दार लावून ते खुर्चीत बसले. त्यांनी करारातला हक्क वापरून स्वतःचं वाचन पाहिलं होतं.

“पट्टा माझ्यात आहे,” ते म्हणाले. “माझी नात आहे, ईशानी. सहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया होता. गेल्या वर्षी उपचार झाला. मीच आग्रह धरला होता.”

सेवंती उभीच होती. “तिच्यात पट्टा असेलच असं नाही, सर. वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“तेच म्हणतोय. हे यंत्र सध्या तुमच्याकडेच आहे. तिचं वाचन उद्या होईल का?”

“दिवसाला फार थोडी वाचनं होतात. आम्ही क्रम लावलाय. ज्याचा उपचार आधी झाला त्याची तपासणी आधी. पेशी ज्याच्या जास्त वाढल्या असतील त्याला थांबायला वेळ नाही. तुमच्या नातीला आहे.”

खासनिसांनी मान हलवली. त्यांच्यातल्या शास्त्रज्ञाला यात खोट काढता येत नव्हती.

“पहिली तुकडी सातपुड्यातली का घेतली होती, सर?” तिने विचारलं. “मी कधी विचारलं नाही.”

त्यांना खोटं बोलता आलं असतं.

“टिपण होतं तसं. रुग्ण एकाच भागात सापडतात, पाठपुराव्याला खर्च कमी येतो.” ते थांबले. “आणि काही बिघडलंच तर तक्रारी होत नाहीत. टिपण माझं नव्हतं. सही माझी होती.”

“म्हणून ती पोरं आता पहिली आहेत,” सेवंती म्हणाली.

मंडळाचा अध्यक्ष म्हणून ते एका ओळीचा आदेश काढू शकले असते. त्यांनी काढला नाही. दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, “घरी काय सांगू?” तो आवाज अध्यक्षाचा नव्हता, आजोबांचा होता. डाग दिसले, दम लागला तर कळवा, रक्ताची साधी तपासणी दर महिन्याला करा, असं तिने बहिणीला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला राग जरासुद्धा कमी झालेला नाही. उलट या माणसाची आपल्याला कीव करावी लागते आहे, म्हणून तो वाढला होता.

क्रमाप्रमाणे वाचनं सुरू झाली. पहिल्या तुकडीतल्या ज्यांच्या पेशी हाताबाहेर चालल्या होत्या त्यांच्यासाठी एकच उपाय होता. उपचाराच्या वेळी खबरदारी म्हणून प्रत्येकाच्या थोड्या मूळपेशी न कापता गोठवून ठेवल्या होत्या. आताचं रक्त औषधांनी नष्ट करायचं आणि त्या जुन्या पेशी परत द्यायच्या. जीव वाचे. सिकलसेल परत येई.

जमनाने होकार दिला तेव्हा तिला सगळं समजलेलं होतं. केस गेले, परत आले. दुखणंही परत आलं, आधी गुडघ्यांत, मग पाठीत. तारा नाशिकला येऊन लेकीजवळ राहिली. ती सेवंतीशी कामापुरतंच बोलत असे. एकदा मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, “पाच वर्षं पोरगी उड्या मारत होती. ती पाच वर्षं नसती दिली तरी चाललं असतं. देऊन काढून घेतली, ते नाही चालत.” सेवंतीने तिच्या हातातली परात घेतली आणि उरलेल्या भाकरी स्वतः केल्या.

ईशानीचं वाचन तिच्या क्रमाने झालं. पट्टा तिच्यात होता. काप लवकर लक्षात आला म्हणून तिला थांबायला वेळ होता. खासनिसांनी तोपर्यंत राजीनामा दिला होता.

ठरल्या मुदतीत नवी कात्री आली. चाचण्यांत ती चांगली उतरली आणि जुनं रक्त परत घेतलेल्यांना ती आधी द्यायची, प्रत्येकाच्या वाचनावर सेवंतीची सही झाल्यावर, असं ठरलं. संमतिपत्र घेऊन सेवंती स्वतः जमनाकडे गेली. जमना खाटेवर बसून पुढच्या परीक्षेचं वाचत होती; गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी होती. तिने संमतिपत्र शेवटपर्यंत वाचलं.

“या नव्या नकाशात कोण नाही?” तिने विचारलं.

सेवंती सांगू लागली, कोशात आता किती जिल्हे आले, किती समाज आले. बोलता बोलता ती थांबली. विचारलेलं ते नव्हतंच.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “नकाशात जे नाही ते नकाशावरून कळत नाही.”

“माझे तुकडे नव्या नकाशावर लावून पाहिलेस?”

“पाहिले. नव्या कात्रीचा पत्ता दुसरीकडे कुठे मिळत नाही.”

“सगळे तुकडे बसले?”

वाचनांची रांग मोठी होती, रोज फोन येत होते, पट्टा आहे की नाही एवढं पाहून पुढचा नमुना घ्यावा लागत होता.

“सगळे नाही.”

“न बसलेले कुठे आहेत?”

“ठेवलेत. पुसलेले नाहीत.”

“पण वाचलेले नाहीत.”

“नाही.”

जमनाने संमतिपत्र घडी करून तिच्याकडे परत दिलं. “मग आधी ते वाच, मावशी. तोवर मी दुखणं सोसते. ते तरी माझ्या ओळखीचं आहे.”

“जमना, मागे सगळी रांग उभी आहे.”

“त्यांचेही वाच.”

पुन्हा किती महिने जातील, किती पोरं कण्हत राहतील, कंपनी काय म्हणेल, मंडळाचा नवा अध्यक्ष पाचव्या अर्जावर काय शेरा मारेल, हे सगळं सेवंतीला एका क्षणात दिसलं आणि तिला संताप आला. तो जमनावर काढता येत नव्हता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिने अझीमला फोन लावला आणि नव्या कात्रीचे सगळे उपचार थांबवायला सांगितलं.